चार वर्षांची कोकणी

गोव्याच्या माध्यमप्रश्नाबद्दल महाराष्ट्रात बोलणं निघालं की बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं. चर्च इंग्रजीच्या बाजूने आणि भाषाप्रेमी कोकणी-मराठीच्या बाजूने. २०११ नंतरच्या बातम्या तेवढ्याच वाचल्या तर हे खरंही वाटेल. पण त्याआधीची वीस वर्षं याच चर्चच्या प्राथमिक शाळा कोकणीतून चालत होत्या. कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, हे देशभर रुजलेलं असताना एका कॅथलिक धर्मप्रांताने आपल्या शाळांमधल्या पहिली ते चौथीच्या वर्गांतून इंग्रजी माध्यम काढून टाकलं होतं. भारतातल्या कॅथलिक शाळांचा सार्वजनिक जीवनाशी काय संबंध येतो, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

१९९० साली गोव्यात पुरोगामी लोकशाही आघाडीचं सरकार होतं आणि शिक्षणखातं शशिकला काकोडकर यांच्याकडे होतं. प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान हवं असेल तर माध्यम मराठी, कोकणी किंवा अन्य मातृभाषा असायला हवं, असं धोरण त्या सरकारने ठरवलं. अनुदान म्हणजे मुख्यतः शिक्षकांचे पगार. ते थांबले की फी वाढवायची किंवा शाळेला कुलूप लावायचं, एवढाच पर्याय उरतो. गोव्याचे तेव्हाचे आर्चबिशप राऊल गोन्साल्विस यांनी धर्मप्रांताच्या, म्हणजे डायोसेसन सोसायटीच्या शाळा कोकणीकडे वळवल्या. पालक नाराज झाले, काही संस्थांनी अनुदान सोडून इंग्रजी राखलं, पण शंभराहून अधिक डायोसेसन शाळांनी माध्यम बदललं.

हा निर्णय पैशांच्या दडपणाखाली झाला, असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहेच. तरीही त्याचं मोल कमी होत नाही, कारण त्यामागे तीनशे वर्षांचा उलटा इतिहास होता. १६८४ मध्ये फ्रान्सिस्कनांच्या आग्रहावरून पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं होतं की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. १८१२ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांनी शाळांमधून मुलांना कोकणी बोलायला मनाई केली. आपल्याच भाविकांची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवणाऱ्या संस्थेने १९९० नंतर तीच भाषा फळ्यावर आणली. या घटनेची म्हणावी तशी नोंद कुणी घेतली नाही, ना चर्चविरोधकांनी, ना खुद्द कॅथलिक समाजाने.

चर्चच्या शाळांनी गोव्याला दुसरंही काही दिलं आहे. गावोगावच्या चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमध्ये सोळाव्या शतकापासून धर्मशिक्षणाबरोबर पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी शिकवली जाई. सामान्य शेतकऱ्या-खलाश्यांची मुलं तिथे व्हायोलिन हातात धरायला शिकली. पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोवेकरांचा जो भरणा होता, तो याच शिक्षणाचा. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे, आणि त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंद शिकवत. आपल्या कानांवर पडलेल्या कितीतरी गाण्यांच्या मागे या शाळा उभ्या आहेत.

इंग्रजी आली ती मात्र पोटासाठी. पोर्तुगीज राजवटीत नोकऱ्या थोड्या होत्या. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका इथे कारकून, स्वयंपाकी, बोटीवरचा माणूस म्हणून जायचं तर इंग्रजी हवी. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोव्यात इंग्रजी शाळा निघत गेल्या. १९६१ नंतर चित्र आणखी बदललं. दयानंद बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि बहुजन समाजातल्या मुलांच्या पहिल्या पिढ्या त्यांत शिकल्या. हे काम फार मोठं होतं. आजचा शिकलेला हिंदू गोवेकर त्याच शाळांमुळे उभा राहिला. कॅथलिक मुलं मात्र चर्चच्या इंग्रजी शाळांत जात राहिली. म्हणजे घरी एकच कोकणी बोलणारी दोन शेजारची पोरं सकाळी दोन वेगळ्या भाषांच्या शाळांत जात, आणि त्यांची घरची भाषा दोन्हीकडे जवळजवळ नसे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं का यावरचा १९६७ चा जनमत कौल, कोकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा, मराठी-कोकणी वादातली सगळी कटुता या पार्श्वभूमीवर वाचायला हवी.

मग १९९० नंतरचा प्रयोग का टिकला नाही? भाषाप्रेमी म्हणतात, चर्चने मनापासून केला नाही. पालक म्हणतात, लादलेलं होतं. मला या दोन्हीपेक्षा पाचवीची इयत्ता अधिक महत्त्वाची वाटते. चौथीपर्यंत कोकणी, आणि पाचवीत गेलं की गणित, विज्ञान, इतिहास, सगळं इंग्रजीतून. मराठी शाळेतल्या मुलांचीही हीच गत होती. माध्यमिक शिक्षणाला कोणत्याच सरकारने हात लावला नाही, कारण तिथे हात घातला असता तर सर्वच समाजांतले पालक रस्त्यावर आले असते. मातृभाषेचा सगळा भार सहा ते दहा वर्षांच्या मुलांनी उचलायचा, असं ते धोरण झालं.

तो भारही सगळ्या मुलांवर सारखा नव्हता. ज्यांना फी परवडत होती त्यांनी विनाअनुदानित इंग्रजी शाळा गाठल्या. अनुदानाच्या अटी लागू झाल्या त्या ज्यांना अनुदानाशिवाय गत्यंतर नव्हतं त्यांनाच: मासेमारी करणाऱ्यांची, बेकरीतल्या कामगारांची, बोटीवर गेलेल्या बापांची मुलं. जिचा आग्रह फक्त गरिबाच्या मुलापुरता धरला जातो, अशा भाषेवर त्या मुलाच्या आईचा विश्वास बसणं कठीण असतं.

त्यात लिपीची अडचण होती. राजभाषा कायद्यातली कोकणी देवनागरीतली. कॅथलिक घरात प्रार्थनेचं पुस्तक, भजनं, तियात्राच्या, म्हणजे कोकणी नाटकांच्या जाहिराती, सगळं रोमी म्हणजे रोमन लिपीतलं. घरी अस्खलित कोकणी वाचणाऱ्या आजीला नातवाचं कोकणी पुस्तक वाचता येत नाही, ही स्थिती अनेक घरांत आली. दोन्ही लिप्या शिकवणं अशक्य नव्हतं, पण लिपीच्या वादात शाळेचा विचार मागे पडला.

२०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान हवं म्हणून ‘फोर्स’ या नावाने पालक संघटित झाले आणि दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान खुलं केलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्यात शशिकला काकोडकर होत्या, कोकणी चळवळीतले उदय भेंब्रे होते, संघाचे सुभाष वेलिंगकर होते. एकेकाळी भाषेच्या प्रश्नावर समोरासमोर उभी असलेली माणसं एका मंचावर आली. या आंदोलनात भाजपही होता. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सत्तेवर आले आणि अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान त्यांनी चालू ठेवलं. त्याच मुद्द्यावर २०१६ मध्ये वेलिंगकरांनी बंड केलं, संघातलं पद गेलं, वेगळा पक्ष निघाला. डायोसेसन शाळांच्या पगारपत्रकाने राज्याचं राजकारण असं हलवलं.

कायद्याच्या अंगाने बराच गुंता सुटलेला आहे. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, आणि अनुदान देताना सरकारने भेदभाव करू नये असंही त्यात आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या प्रकरणात सांगितलं की प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं माध्यम सरकार सक्तीने लादू शकत नाही. अनुदान कुणाला द्यायचं हे मात्र अजून राजकारणातच ठरतं.

मी स्वतः मातृभाषेतून शिक्षणाच्या बाजूचा आहे आणि हा कल लपवत नाही. म्हणूनच गोव्याच्या भाषाप्रेमींबद्दल एक तक्रार आहे. डायोसेसन शाळा कोकणीत असताना त्या वीस वर्षांत मुलांसाठी चांगली कोकणी गोष्टीची पुस्तकं, पाचवी-सहावीची विज्ञानाची पुस्तकं, इंग्रजी उत्तम शिकवणारे शिक्षक, हे सगळं उभं करायला हवं होतं. मातृभाषेच्या शाळेतलं इंग्रजी कच्चं राहिलं की पालक निघून जातो, हे महाराष्ट्रातल्या मराठी शाळांनीही सोसलेलं आहे.

आणि चर्चकडे एक मागणी आहे. अनुदान सरकारच्या तिजोरीतून येतं, वर्गात हिंदू मुलंही बसतात, त्यामुळे या शाळा फक्त धर्मप्रांताच्या उरत नाहीत. इंग्रजी माध्यमाबरोबर कोकणी किंवा मराठीचा तास वेळापत्रकात असतो, पण तो पहिल्या दर्जाच्या शिक्षकाकडे द्यायचा की ज्याला कुणाला वेळ असेल त्याच्याकडे, हे मुख्याध्यापक ठरवतो, या निर्णयाला अनुदानाचा नियम लागत नाही. घरची भाषा मनापासून शिकवली तर काय होतं, हे महाराष्ट्रात दिसलं आहे: वसईच्या कॅथलिक समाजात मराठीतून शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गोव्यातल्या डायोसेसन शाळेतून दहावी झालेल्या मुलाला कोकणी कादंबरी, तीही दोन्ही लिप्यांतून, अडखळल्याशिवाय वाचता यावी, एवढं उद्दिष्ट आर्चडायोसीसने येत्या शैक्षणिक वर्षापासून लेखी जाहीर करावं. त्यासाठी सरकारच्या परवानगीची गरज नाही.