घडीच्या पडद्यामागची शाई

हैदराबादेत सिकंदराबादहून तार्नाक्याकडे आलं, की उप्पल रस्त्यावर भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था लागते. निजामाच्या राज्यात १९४४ साली सुरू झालेली ही प्रयोगशाळा १९५६ मध्ये सीएसआयआरकडे आली. पलीकडे कुशाईगुड्याला १९६७ पासून ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी आहे. तिचे ईसी टीव्ही जुन्या घरांत अजून आठवतात. रसायन जाणणारे इथे आहेत, टीव्ही बनवलेलेही इथलेच. तरी प्रकाश देणाऱ्या पॉलिमरचा वाकणारा पडदा इथे बनत नाही.

रसायनात फारसं गूढ उरलेलं नाही. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत बरोज, ब्रॅडली आणि फ्रेंड यांनी पीपीव्ही या पॉलिमरच्या पातळ थरातून वीज सोडली आणि तो पिवळट हिरवा उजळला. हे संशोधन १९९० साली 'नेचर'मध्ये आलं. असल्या पॉलिमरचं द्रावकात विरघळणारं रूप बनवता येतं, म्हणजे त्याची शाई होते आणि ती छापता येते. सगळी गंमत यातच आहे.

खरी कसोटी कारखान्यात लागते. काचेवर पॉलिइमाइडचा द्रव पसरून भाजतात, त्याची पिवळसर फिल्म होते. तिच्यावर ट्रान्झिस्टरांची जाळी बसते. मग इंकजेटची तोंडं प्रत्येक बिंदूच्या खळग्यात शाईचे थेंब सोडतात. वाळल्यावर थर उरतो जेमतेम १०० नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा हजारावा भाग म्हणा ना! वर धातूचा थर, त्यावर सीलबंदी. शेवटी काचेखालून लेसर मारून फिल्म सोडवून घेतात.

यातली सीलबंदी सगळ्यांत अवघड. बाष्प आत शिरलं की काळे ठिपके पडून पसरत जातात. चौरस मीटरमागे दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त बाष्प आत जाता कामा नये. साध्या प्लॅस्टिकमधून त्याच्या लाखो पट जातं. काच हे सहज अडवते, पण साधी काच दुमडत नाही. शिवाय पॉलिमरचा निळा रंग लवकर मंदावतो. म्हणूनच बाजारातल्या घडीच्या फोनांत उजळणारं पॉलिमर नसतं; निर्वात कक्षात वाफेने बसवलेले छोटे रेणू असतात. छपाईवर भिस्त ठेवणाऱ्या जपानच्या जेओलेड कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे मात्र घोषणांचा सुकाळ. जून २०२२ मध्ये राजेश एक्स्पोर्ट्सच्या एलेस्ट कंपनीने तेलंगणात २४,००० कोटींचा अमोलेड पडद्यांचा कारखाना जाहीर केला. त्याच वर्षी तळेगावसाठी चर्चेत असलेला वेदांत-फॉक्सकॉनचा चिप आणि पडद्यांचा प्रकल्प गुजरातला गेला, आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉनच बाहेर पडली. पडदा दोन्हींकडून आला नाही.

कानपूर आयआयटीत लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे. आधी संशोधनाची ही वाट मला जास्त पटते. प्रचंड कारखान्याआधी अतिशुद्ध द्रावकं, पॉलिमरची शाई आणि बाष्परोधक फिल्म इथे बनायला हवी. औषधांसाठी शुद्ध रसायनं बनवण्याची सवय हैदराबादला आहेच. सरकारने पहिला पैसा या साहित्यावर घालावा.