वयाचा रकाना

बँकेतल्या सदतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावरून हजारो अर्ज गेले असतील. प्रत्येक अर्जात नाव, पत्ता आणि त्याखाली वयाचा रकाना. कर्ज द्यायचे की नाही, दिले तर किती वर्षांच्या मुदतीने, हे ठरवताना नजर आधी त्या रकान्याकडे जायची. तरुण म्हटला की आमचा जीव निर्धास्त, साठीजवळचा म्हटला की पेन थबकायचे. माणसाकडे वयाच्या रकान्यातून पाहायची ही सवय नोकरीबरोबर सुटायला हवी होती. ती सुटली नाही, आणि त्या सवयीने मला दोनदा फसवले.

पहिली गोष्ट १९८८ सालची. सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा शाखेत मी होतो. तिथले दफ्तरी वयाने वडील, म्हणून आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. व्हाउचरचे गठ्ठे बांधावेत तर ते मामांनीच. त्यांचा धाकटा मुलगा नववीत होता, वर्षभरात उंचीने बापाच्या वर गेलेला, शाळेच्या कबड्डी संघातला. खेळताना पडला आणि गुडघा दुखायला लागला, असे सगळेच म्हणत होते. सूज उतरेना, तेव्हा मीच त्याला माझ्या स्कूटरवर बसवून शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे नेले. येताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "अरे, वाढीचं वय आहे, हाडं दुखायचीच!"

तीन महिने तेल चोळणे चालले. पोरगा रात्री उठून बसतो, गुडघा धरून रडतो, हे मामांनी सांगितले तेव्हा कुठे एक्स-रे निघाला. मग मुंबई. पाय मांडीपासून काढावा लागला. पण तोवर रोग फुप्फुसात पोचला होता. पुढच्या वर्षी दहावीच्या परीक्षेआधीच तो गेला.

त्याचे आमच्याच शाखेत अज्ञान खाते होते, मामा पालक म्हणून. खाते बंद करायचा अर्ज मीच भरला. शिल्लक दोनशे रुपयांच्या आत. वयाच्या रकान्यात सोळा लिहिताना मामा समोर उभे होते. म्हणाले, "सायेब, ह्या वयात पोराला असलं कसं वं झालं?"

तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. नंतर अस्थिरोगतज्ज्ञ असलेल्या एका मित्राने ते दिले आणि ऐकून मी गप्प झालो. मुलाला झाला होता ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे खुद्द हाड तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग. हाडातच उगम पावणारे कर्करोग दुर्मीळ. सगळ्या कर्करोगांत त्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. पण त्यातला हा प्रकार गाठतो तो नेमका दहा ते वीस या वयात, हाडे झपाट्याने वाढत असताना. मुली मुलांपेक्षा लवकर उंच होतात, तर त्यांना तो थोड्या लहान वयात होतो. जागाही बहुतेक वेळा तीच: मांडीच्या हाडाचे गुडघ्याकडचे टोक, नडगीचे वरचे टोक, नाहीतर दंडाचे खांद्याजवळचे टोक. ज्या वाढीच्या वयाचा हवाला देऊन मी निर्धास्त झालो होतो, तेच वय सावध होण्याचे कारण होते.

मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली, ती जास्त लागली. १९७० पूर्वी या रोगात पाय कापूनही पाचांतली चार मुले दगावत. ऑपरेशनच्या दिवशी एक्स-रेत फुप्फुसे स्वच्छ दिसत, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी आधीच तिथे जाऊन बसलेल्या असत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये डॉ. नॉर्मन जॅफे यांनी मेथोट्रेक्सेट या औषधाचे फार मोठे डोस द्यायला सुरुवात केली, आणि त्याच सुमारास ॲड्रियामायसिनचाही उपयोग दिसू लागला. १९७३ साली एडवर्ड केनेडी यांच्या बारा वर्षांच्या मुलाचा पाय हाडाच्या कर्करोगापायी काढावा लागला. त्याला पुढे दोन वर्षे ही नवी औषधे दिली गेली. तो मुलगा वाचला, वकील झाला आणि कनेक्टिकट राज्याच्या सिनेटवरही निवडून आला.

कॅनडाचा टेरी फॉक्स आठवत असेल. १९७७ साली अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गेला. उपचारांतल्या प्रगतीमुळे वाचण्याची शक्यता थोड्याच वर्षांत पंधरा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर आली आहे, असे त्याला सांगण्यात आले. म्हणून संशोधनासाठी पैसा उभारायला तो १९८० साली कृत्रिम पायाने देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसात उतरला आणि १९८१च्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. एकाच वयोगटातली ही दोन मुले, थोड्याफार फरकाने एकाच काळातली. पन्नास टक्के म्हणजे काय, ते या दोघांकडे पाहून कळते.

औषधांचा उपयोग खरोखर होतो का, याबद्दल तज्ज्ञांतही वाद होता. १९८६ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो मिटला. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिले १७ टक्के. वर औषधेही मिळालेले, ६६ टक्के. मामांचा मुलगा आजारी पडला तो १९८८ साली. उपचार होते, मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत एका रात्रीचा एस.टी.चा प्रवास होता. मध्ये आले ते तीन महिन्यांचे तेल आणि माझी स्कूटर.

दुसरी गोष्ट २०१७ सालची. माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ, तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. कमरेखाली, खुब्याच्या वर दुखते म्हणत होते. मी भेटायला गेलो तर हसून म्हणाले, "दाजी, आता वय झालं, दुखायचंच!" आणि वाचकहो, मी मान डोलावली. वाढीचे वय आहे, दुखायचेच; वय झाले, दुखायचेच. एकोणतीस वर्षांनी तेच वाक्य नवे कपडे घालून आले आणि मी ते ओळखले नाही. ओळखले ते त्यांच्या सुनेने. चहाचा कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "मग बाबा, रात्री झोपेतून उठून का बसता? सांधेदुखी काय घड्याळ बघून येते?" दुसऱ्या दिवशी तीच त्यांना एक्स-रेला घेऊन गेली.

कटीच्या हाडात गाठ निघाली. मी घरी येऊन पुस्तके उघडली. ऑस्टिओसार्कोमाचा एक तक्ता समोर आला, अमेरिकेतल्या १९७३ ते २००४ या काळातल्या रुग्णांचा. पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण पंचविशीच्या आतल्यांत साठ टक्क्यांच्या थोडे वर, पंचवीस ते एकोणसाठमध्ये साठाच्या जवळपास, आणि साठीनंतर जेमतेम चोवीस टक्के. कारणेही समजण्यासारखी होती. उतारवयात हा रोग कटी, मणका, जबडा अशा अडचणीच्या जागी जास्त दिसतो, जिथून तो पूर्ण काढणे कठीण. कधी जुन्या किरणोपचारांच्या जागीच तो उगवतो. निदानाच्या वेळीच पसरलेला सापडण्याचे प्रमाणही अधिक. शिवाय ही औषधे मूत्रपिंड, कान आणि हृदय यांची परीक्षा पाहतात. पंधरा वर्षांचे शरीर जो डोस पचवते तो सत्तरीतल्याला देता येतोच असे नाही. मी वयाचा रकाना पाहिला आणि मनात मेहुण्यांचे खाते बंद करून टाकले.

तुकडा तपासणीचा निकाल आला तो वेगळाच. गाठ होती कूर्चेच्या पेशींची, कॉन्ड्रोसार्कोमा, आणि सौम्य प्रतीची. हा प्रकार मुख्यतः चाळिशीनंतरचा. त्यावर औषधांचा फारसा परिणाम होत नाही, सारी भिस्त शस्त्रक्रियेवर. पण सौम्य प्रतीची गाठ पूर्ण निघाली तर बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. मेहुण्यांची गाठ पूर्ण निघाली. आज ते काठी घेऊन का होईना, रोज सकाळी स्वतः दूध आणायला जातात.

म्हणजे ज्या वयात वाचण्याची आशा अधिक, तो मुलगा गेला. ज्या वयाच्या रकान्यात चोवीस टक्के लिहिले होते, ते मेहुणे राहिले. तक्ता खोटा होता का? मुळीच नाही. शाखेची सरासरी शिल्लक खरीच असते. पण ती पाहून खिडकीपाशी उभ्या असलेल्या खातेदाराला त्याच्या खात्यात किती आहेत हे सांगता येत नाही. त्यासाठी त्याचेच खाते उघडावे लागते. इथे ते खाते म्हणजे पेशींची जात, जागा आणि रोग पसरला आहे की नाही हे. पसरण्यापूर्वी सापडलेल्या ऑस्टिओसार्कोमात आज चांगल्या उपचारांनी साठ-सत्तर टक्के तरुण रुग्ण वाचतात, आणि बहुतेकांचा पायही वाचतो; रोगट हाड काढून धातूचा सांधा बसवला जातो. पसरल्यावर हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली येते. वय आपल्या हातात नाही. या दोन आकड्यांमधले अंतर मात्र पुष्कळदा घरातल्या माणसांच्या हातात असते.

घाबरायचे कारण नाही. दहा मुलांचे गुडघे दुखले तर दहाही बहुधा मारामुळेच दुखत असतात. पण दुखणे दोन-तीन आठवडे हटत नसेल, रात्री झोपेतून उठवत असेल, सूज वाढत असेल, तर आधी एक्स-रे. तोवर मालिश नको. आणि संशय आला तर तुकडा काढायचा तो जिथे पुढची शस्त्रक्रिया व्हायची तिथेच. चुकीच्या जागी दिलेला एक छेद वाचू शकणारा पाय घालवू शकतो.

मामा निवृत्त होऊन गावी गेले, त्यांना जाऊनही बरीच वर्षे झाली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना कधी दिले नाही; दिले असते तर माझी स्कूटरही सांगावी लागली असती. आता नातवंडांपैकी कोणी लंगडत आले, की वयाचा हवाला ओठांवर येतो. तो गिळून मी एवढेच विचारतो, "किती दिवसांपासून दुखतंय? रात्री झोप लागते का?"