आंबेजोगाईची देवघरे आणि चाळीस फुटांचा ग्रंथ

आंबेजोगाईला आलेला माणूस योगेश्वरीचे दर्शन घेतो, मुकुंदराजांच्या समाधीला जातो आणि परतीची एसटी धरतो. याच गावात संतकवी दासोपंतांच्या वंशजांची ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ अशी दोन देवघरे आहेत, हे पुष्कळांच्या गावीही नसते. संग्रहालय म्हणून ती कोणी बांधली नाहीत; ती घराण्याच्या पूजाअर्चेची ठिकाणे आहेत. पण मराठीतली एक अजोड वस्तू या घराण्याने चारशे वर्षे सांभाळली आहे. ती म्हणजे दासोपंतांची पासोडी.

दासोपंत (1551–1615) मूळचे बीदरकडच्या नारायणपेठचे, देशपांडे घराण्यातले. वडील दिगंबरपंत बीदरच्या बरीदशाहीत वसुलीचे काम पाहत. वसूल थकला म्हणून बादशहाने लहानग्या दासोपंतांना ओलीस धरले आणि दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या, म्हणजे गावकामगाराच्या, रूपात येऊन भरणा केला, अशी कथा दत्त संप्रदायात सांगतात. पुढे त्यांनी घर सोडले. माहूर, राक्षसभुवन करीत ते आंबेजोगाईला आले आणि इथलेच झाले.

त्यांच्या लेखणीचा आवाका सांगायचा तर, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत. दासोपंतांच्या ‘गीतार्णव’ या गीताटीकेच्या ओव्या परंपरा सव्वा लाख सांगते. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आठवण लोक आजही सांगतात.

पासोडी म्हणजे पांघरायची जाड सुती चादर. दासोपंतांनी तीच लिहायला घेतली. लांबी सुमारे चाळीस फूट, रुंदी चारेक फूट. पोथीचे पान हातात धरून एकट्याने वाचायचे असते. एवढे कापड उलगडले की दहा माणसे त्याभोवती बसू शकतात. सुती कापडावर लिहिणे सोपे नव्हे. कोऱ्या कापडावर शाई फुटते, अक्षराची कड जाते. म्हणून आपल्याकडे लिहायच्या कापडाला आधी खळ देऊन ते घोटून गुळगुळीत करण्याची रीत होती.

पासोडीचा विषय पंचीकरण, म्हणजे पाच सूक्ष्म भूतांपासून स्थूल सृष्टी कशी झाली याची वेदान्तातली मांडणी. प्रत्येक भूताचे दोन समान भाग करायचे. एक अर्धा तसाच ठेवायचा, दुसऱ्याचे चार वाटे करून उरलेल्या चार भूतांना द्यायचे. मग स्थूल पृथ्वीत अर्धी पृथ्वी आणि जल, तेज, वायू, आकाश यांचा प्रत्येकी एक अष्टमांश येतो. हा सारा हिशेब आहे, आणि हिशेब समोर पसरून दाखवला की नीट उमगतो. एवढ्या मोठ्या कापडाची निवड मला म्हणूनच एका उत्तम शिक्षकाची वाटते.

अशी वस्तू टिकते ती रोजच्या काळजीने. काजळ आणि डिंकाची जुनी शाई उजेडाने सहसा विटत नाही, पण ओल लागली की डिंक सुटतो आणि अक्षर पुसट होते. उजेडाने सूत ठिसूळ होते, आणि घडी जिथे पडते तिथे ते आधी विरते. लांब कापड घडी घालून ठेवण्यापेक्षा रुंद नळीवर, मध्ये आम्लरहित कागद घालून गुंडाळलेले बरे.

श्रद्धेने ही पासोडी चार शतके राखली. पुढची शतके श्रद्धेच्या जोडीला शास्त्रही हवे. भारत सरकारने 2003मध्ये हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन सुरू केले. अशा यंत्रणेचे जाणकार घराण्याच्या संमतीने इथेच यावेत, पासोडीचे इंच न् इंच छायाचित्रण व्हावे आणि त्या प्रतिमा बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत पोचाव्यात. मूळ वस्तू मात्र मुंबई-दिल्लीच्या काचपेटीत जाऊ नये. ज्यांनी ती राखली त्यांचा मान आणि ज्या गावात ती लिहिली गेली त्या गावाचा हक्क, दोन्ही शाबूत राहिले पाहिजेत.

आंबेजोगाईला जायचेच असेल तर माघ वद्य षष्ठीच्या, म्हणजे दासोपंतांच्या पुण्यतिथीच्या सुमारास जावे. आपण कुणाच्या तरी घरी जात आहोत याचे भान ठेवावे, आधी विचारावे, आणि सोबत एखादे शाळकरी पोर अवश्य न्यावे.