छपराच्या एस्टिमेटचा रिपोर्ट गिरगाव-लालबागच्या सोयीचा करा!

खोताच्या वाडीतली कौलारू घरं असोत की लालबागची जुनी चाळ, छपराचं सॉफ्टवेअर माप अचूक काढतं. रिपोर्टचा तयार साचा मात्र परदेशी धाटणीचा असतो. तो आपल्या कामाला लावायच्या काही युक्त्या:

🏠 मूळ साच्याला हात लावू नका. कॉपी करून वेगळ्या नावाने सेव्ह करा.

🏠 वरच्या भागात इमारतीचं नाव, सी.एस. क्रमांक आणि उपकरप्राप्त असल्यास वर्ग टाका. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत ‘अ’ वर्गात येते.

🏠 क्षेत्रफळ चौरस मीटरसोबत ब्रासमध्येही दाखवा. १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, साधारण ९.२९ चौ.मी.

🏠 नकाशावरचं आणि उतारावरचं क्षेत्रफळ शेजारी-शेजारी छापा. उतार ३० अंश असेल तर १,००० चौ. फुटांचे सुमारे १,१५५ होतात. ‘कौलं जास्त का लागली?’ हा वाद तिथेच मिटतो.

🏠 कौलं, वासे, रीपा, पन्हळ, आढ्यावरची कौलं यांच्या वेगळ्या ओळी ठेवा. मजुरी, परांची आणि जीएसटी स्वतंत्र दाखवा.

🏠 साचे दोन करा: रहिवाशांसाठी एकपानी, मराठीत; कंत्राटदारासाठी मोजमापांसह सविस्तर. तुमचा नफ्याचा रकाना दोन्हींत लपवा.

🏠 ‘मुक्ता’सारखा युनिकोड फाँट निवडा आणि पीडीएफमध्ये एम्बेड करा, म्हणजे जोडाक्षरं तुटत नाहीत.

पावसाळ्याआधीच्या कामांसाठी साचा एप्रिलमध्येच तयार ठेवा. तुम्ही आणखी कोणता रकाना घालता? कमेंटमध्ये सांगा.