जेवूनही भूक का लागते? मेंदूतील पेप्टाइड्सचे काम

पोटभर जेवूनही थोड्या वेळात पुन्हा भूक लागली की घरचे म्हणतात, ‘जिभेवर ताबा नाही.’ पण भूक केवळ मनाच्या निश्चयावर ठरत नाही.

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग भुकेवर नियंत्रण ठेवतो. येथील पेशींवर ‘रिसेप्टर’ असतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाच्याच घटकांपासून बनलेला छोटा रेणू. कुलुपात किल्ली बसावी तसा तो ठरावीक रिसेप्टरला जोडला जातो आणि पेशीला संदेश मिळतो.

‘अल्फा-एमएसएच’ हे पेप्टाइड ‘एमसी४’ रिसेप्टरला जोडले गेले की भूक कमी होते. ‘एजीआरपी’ हे दुसरे पेप्टाइड त्याच रिसेप्टरवर बसून हा संदेश अडवते आणि भूक वाढते.

वजन घटले की शरीरातील चरबीतून येणारे लेप्टिन (शोध १९९४) कमी होते आणि एजीआरपी वाढते. म्हणूनच डाएटनंतर भूक जास्त लागते. यात रुग्णाचा दोष नाही. उपाशी राहू नका, वजन हळूहळू कमी करा.

सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनेही ‘जीएलपी-१’ रिसेप्टरला जोडली जाऊन भूक कमी करतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- भरपूर खाऊनही वजन घटत असेल तर मधुमेह व थायरॉइडची तपासणी करा.
- लहानपणापासून अनावर भूक असून बाळाचे वजन वेगाने वाढत असेल तर क्वचित एमसी४च्या जनुकात दोष असू शकतो.

रहिमतपूर परिसरात राहत असाल तर आधी जवळच्या डॉक्टरांना भेटा. गरज भासल्यास ते साताऱ्याला तज्ज्ञांकडे पाठवतील.