माडाच्या गावात विकतची झावळी

यंदा झावळ्यांच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये झावळ्या टेम्पोतून आल्या. बाहेरून विकत आणलेल्या, एका मापाने कापलेल्या. आणि हे वसईत! मिस्सा संपेपर्यंत माझे मन प्रार्थनेत लागले नाही. शेजारच्या बाकावरच्या तरुणांना त्यात काहीच वावगे वाटले नाही, ते मला जास्त झोंबले.

उपासनेचे वर्ष याआधीही बदलले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन मराठी आली. १९६६ मध्ये सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवसांवर आले. १९७० पासून नवे कॅलेंडर लागू झाले. आमची वडीलधारी मंडळी त्यावर पुष्कळ वाद घालत. मला त्यात कधी रस वाटला नाही.

१९८५ ते १९९५ ही दहा वर्षे मात्र मनातून जात नाहीत. तेव्हा सण आमच्या वाडीतून निघून चर्चमध्ये जात. शनिवारी बाबा माडावर माणूस चढवून कोवळी, पिवळसर झावळी उतरवून घेत. आई ओटीवर बसून पात्यांचे हीर काढून टाकी आणि दोन पट्ट्यांची घडीवर घडी घालत वीतभर लांबीचा क्रूस विणी. टाका नाही, गाठ नाही. शेवटचे टोक आत खोचले की क्रूस घट्ट बसे. आशीर्वाद दिलेली झावळी वर्षभर येशूच्या तसबिरीमागे वाळत राही आणि पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर चर्चमध्ये परत जाई. तिचीच राख राखेच्या बुधवारी आमच्या कपाळाला लागे. माणूस मातीचा आहे, मातीतच जाणार, असे फादर म्हणत, तेव्हा ती माती कुठली हे आम्हाला ठाऊक असे. आता टेम्पोतल्या झावळीची राख कपाळाला लावून घेताना तो माड कुठल्या गावचा, हे कोणी सांगू शकेल का?

उपवासकाळ यायचा तो नेमका विहिरींचे पाणी खाली जाण्याच्या दिवसांत. त्याच दशकात टँकर रात्रंदिवस आमच्या विहिरी उपसू लागले, कितीतरी विहिरींना खारे पाणी लागले. १९८८ मध्ये वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले. फादरांनी वेदी सांभाळावी, जमिनीच्या भानगडीत पडू नये, असे म्हणणारे तेव्हा थोडे नव्हते. त्यातले काही दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेत सर्वांच्या पुढे चालत. ख्रिस्त तिसऱ्यांदा पडतो त्या स्थानाशी गुडघे टेकत आणि सोमवारी वाडीचा सौदा करत. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले, तेव्हा हीच मंडळी श्रद्धांजली वाहायला पुढच्या रांगेत होती. ते माझ्याने सहन झाले नाही, आजही होत नाही. वेदीवर चढणारी झावळी, भाकर आणि द्राक्षारस मातीतूनच येतात. वाडी वाचवणारा धर्मगुरू वेदीच सांभाळत होता.

पास्काची रात्रही बदलली. तेव्हा चर्चसमोर नारळाच्या सोडणांचा अग्नी पेटे. आत सगळा काळोख. त्या अग्नीवर पास्काची मेणबत्ती पेटवून फादर आत येत आणि ज्योत एका हातातून दुसऱ्या हातात जाई. वृद्ध बायकांचे चेहरे एकामागून एक उजळताना मी पाहिले आहेत. आता मेणबत्ती आत येण्याआधीच अर्धे देऊळ मोबाइलच्या उजेडाने भरलेले असते.

आगमनकाळाचे तर हाल पाहवत नाहीत. चार रविवार वाट पाहायची, जांभळ्या वस्त्रांचा, संयमाचा काळ. पण डिसेंबरचा पहिला आठवडा उलटत नाही तोच नाताळच्या पार्ट्या सुरू होतात, आणि २६ तारखेला गव्हाण आवरली जाते, दारावरची चांदणी उतरते. खरे तर नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. चांदणी इतक्या घाईने उतरवणाऱ्यांना मला विचारायचे आहे: तीन राजे अजून वाटेत आहेत, त्यांनी कशाकडे पाहत यायचे?