शेणकाला नळात का अडतो?

गोबर गॅस संयंत्रातून गॅस कमी येऊ लागला की शेतकऱ्याचे लक्ष प्रथम शेगडीकडे व गॅसच्या नळीकडे जाते. परंतु पुष्कळदा अडचण असते ती मिश्रणकुंडीपासून पाचनकुंडापर्यंत जाणाऱ्या नळात. तेथे शेणकाला अडला की पाचनकुंडास रोजचा पुरवठा होत नाही, आणि हळूहळू चूल पुन्हा सरपणावर जाते.

पाणी अल्प उतारानेही वाहते. दाट शेणकाल्याचे तसे नाही. त्यातील तंतू व सूक्ष्म कण एकमेकांत गुंतून त्यांचे जाळे बनते. हे जाळे मोडण्याइतका दाब मिळेपर्यंत काला जागचा हलत नाही. शेणाने भरलेली पाटी थोडी कलती केली तर शेण ओघळत नाही, याचे कारण हेच. अमेरिकन शास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी चिकणमातीच्या काल्याचा अभ्यास करून १९१६ साली या गुणधर्माचा नियम मांडला. खाणींतील व कारखान्यांतील दाट टाकाऊ गाळ नळांतून वाहून नेताना आजही त्याचा उपयोग होतो.

या नियमानुसार, काल्याचा दाटपणा तोच असता, नळ दुप्पट लांब केल्यास काला हलविण्यास दुप्पट दाब लागतो. १० सेंटिमीटरऐवजी ५ सेंटिमीटर व्यासाचा नळ घातल्यासही दुप्पटच दाब लागतो. संयंत्रात हा दाब केवळ मिश्रणकुंडीच्या उंचीमुळे मिळतो. म्हणून नळ आखूड, रुंद व सरळ असावा. सरळ नळात बांबू घालून अडलेला काला मोकळा करता येतो.

ताज्या शेणात सुमारे २० टक्के घनभाग असतो. शेणाइतकेच पाणी मिसळले असता तो सुमारे १० टक्क्यांवर येतो. शेण वाळलेले असल्यास पाणी अधिक लागते. घनभाग थोडा वाढला तरी नळातील अडथळा फार वाढतो. मात्र पाणी वाजवीपेक्षा जास्त झाल्यास जड भाग तळाशी बसतो व गॅसही घटतो. म्हणून शेण व पाणी नेहमी एकाच मापाने घ्यावे.

काडीकचरा, वाळू व खडे काढून टाकावेत. काला नीट ढवळावा व लगेच सोडावा, कारण ढवळल्याने तो पातळ होतो आणि स्थिर राहिल्यास पुन्हा घट्ट होतो. रोजच्या मापातील थोडे पाणी राखून ठेवून शेवटी नळात सोडावे, म्हणजे रात्रभर नळात काला साचून राहत नाही.

नळ तुंबला तरी कोणीही पाचनकुंडात उतरू नये. तेथील विषारी वायूंमुळे व प्राणवायूच्या अभावामुळे क्षणात प्राण जाऊ शकतो. जवळ दिवा किंवा विडीही पेटवू नये. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी संयंत्र पाहण्यास गेल्यावर ही गोष्ट घरातील प्रत्येकास आवर्जून सांगावी.